एअर फ्रायरमधले फिंगर चिप्स: आधी पाणी घालवा, मग तेलाचं बघा

घरात एअर फ्रायर आला की त्यात सगळ्यात आधी बटाटे जातात. आणि बहुतेक घरांत पहिला घाणा सारखाच निघतो. टोकं काळपट, मधला भाग मऊ, चव उकडलेल्या बटाट्याची, आणि ताटलीत काढून पाच मिनिटं होत नाहीत तोवर सगळे चिप्स लिबलिबीत. मग ‘तळलेल्याची सर याला नाही’ असा निकाल लागतो आणि चांगल्या किमतीचं यंत्र पापड भाजण्यापुरतं उरतं. मुंबईच्या स्वयंपाकघरात ओट्यावरची वीतभर जागासुद्धा मोलाची असते. ती अडवून बसलेली वस्तू खरोखर कामाला यायला हवी.

ज्यांनी यंत्र नुकतंच घेतलंय किंवा पहिल्या घाण्यानंतर नाद सोडलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. चिप्स कसे होणार हे बटण दाबायच्या आधीच बरंचसं ठरलेलं असतं. बटाटा कोणता आणला, तो किती धुतला आणि किती कोरडा केला, यावर सगळं अवलंबून आहे. तापमान आणि मिनिटं हा नंतरचा भाग, पण आपण नेमके तेवढेच आकडे शोधत बसतो.

यंत्राच्या आत काय होतं

कच्च्या बटाट्यात वजनाच्या साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असतं. कढईत चिप्स सोडल्यावर जो फेस आणि बुडबुडे उसळतात, ती बटाट्यातून बाहेर पडणारी वाफ असते. तेल १७०-१८० अंशांना तापलेलं असतं, प्रत्येक कापाला सगळीकडून भिडलेलं असतं, त्यामुळे ते बाहेरच्या थरातलं पाणी भराभर हाकलून देतं. पाणी गेलेला हा थर म्हणजेच कुरकुरीतपणा.

एअर फ्रायरमध्ये वरच्या बाजूला तापणारी कॉइल असते आणि तिच्यावर पंखा. गरम हवा जाळीभोवती जोरात फिरत राहते. फिलिप्सने २०१० साली बर्लिनच्या इफा या घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या प्रदर्शनात या नावाचं यंत्र आणलं, पण तत्त्व पंख्याच्या ओव्हनचंच आहे, फक्त डबा लहान असल्यामुळे तो लवकर तापतो आणि हवा पदार्थाच्या जवळून वाहते. मात्र हवा कितीही तापली तरी तेलाइतक्या झपाट्याने उष्णता पोचवू शकत नाही. काप ओले असतील किंवा जाळी गच्च भरली असेल, तर यंत्राची सगळी ताकद वरचं पाणी आटवण्यात जाते आणि तोवर बटाटे एकमेकांच्या वाफेत उकडून निघतात.

म्हणून कढईत जे काम तेल करायचं, त्यातलं थोडं काम इथे आपल्याला हाताने करावं लागतं: काप कोरडे करणं, थोडेच घालणं, मध्येमध्ये हलवणं. पुढे सांगितलेलं सगळं याच तीन गोष्टींभोवती फिरतं.

बटाटा विकत घेताना

इथे मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण निम्मं काम भाजीवाल्याकडेच होतं.

मुंबईत बटाटा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून सगळीकडे जातो. तिथे तो उत्तर प्रदेशातून, गुजरातमधून, मध्य प्रदेशातून येतो, आणि आपल्याकडचा मंचर-खेड भागातलाही येतो. भाजीवाल्याकडे जातीचं नाव लिहिलेलं नसतं, पण त्याला माल ओळखता येतो. ‘भाऊ, वेफर्सला चालेल असा बटाटा द्या, गोड नको,’ एवढं म्हटलं तरी तो समजतो. उन्हाळ्यात वाळवणाच्या दिवसांत कीस आणि वेफर्ससाठी जो मोठा, लांबट, घट्ट बटाटा मुद्दाम शोधून आणतात, तोच आपल्याला हवा.

हवा तो पिठूळ बटाटा, म्हणजे ज्यात पाणी कमी आणि स्टार्च जास्त. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने खास वेफर्ससाठी कुफरी चिप्सोना ही जात १९९८ साली आणली. फ्राइजसाठी त्यांचीच कुफरी फ्रायसोना आहे. नावावरून मिळाल्या तर उत्तमच. कुफरी ज्योती रोजच्या भाजीला चालतो आणि चिप्सलाही निभावून नेतो. पिवळट गराचा, पातळ सालीचा कुफरी पुखराज रस्सा भाजीला गोड लागतो, पण तो पाणचट असल्यामुळे चिप्ससाठी टाळा. नवा बटाटा, म्हणजे ज्याची साल अंगठ्याने घासली तरी निघते, तोही ओलसरच असतो.

घरी आणलेल्या बटाट्याची परीक्षा करायची असेल तर एक साधा उपाय आहे. एक लिटर पाण्यात साधारण ११० ग्रॅम मीठ विरघळवा आणि त्यात बटाटा सोडा. बुडाला तर पिठूळ, तरंगला तर पाणीदार. पिशवीतल्या दोन-तीन बटाट्यांवर करून पाहिलं तरी अंदाज येतो, आणि तरंगणारे बटाटे भाजीला राखून ठेवता येतात.

आता गोडपणाचं. आपल्याकडे बटाट्याचं मोठं पीक हिवाळ्याच्या अखेरीस निघतं आणि पुढचे कित्येक महिने आपण शीतगृहातला माल खातो. खाण्याचा बटाटा २ ते ४ अंशांना ठेवला की त्यातल्या स्टार्चची थोडी थोडी साखर होत जाते. असा बटाटा चवीला किंचित गोड लागतो आणि आत शिजायच्या आधीच बाहेरून काळपट होतो. पावसाळ्यात, गणपतीच्या सुमारास, ‘यंत्र बिघडलं का’ असं वाटण्याइतके चिप्स करपतात, ते यामुळे. असे बटाटे मिळाले तर आठ-दहा दिवस बाहेर अंधाऱ्या, हवेशीर जागी ठेवा, साखर थोडी उतरते. कापल्यावर जरा जास्त वेळ भिजवा आणि शेवटचं तापमान २०० ऐवजी १८५-१९० ठेवा. चिप्ससाठी आणलेला बटाटा घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, तिथेही हेच होतं.

हिरवट झालेला बटाटा घेऊ नका. तो हिरवेपणा उन्हा-उजेडाने येतो आणि त्याबरोबर सोलॅनिन हे कडू, पोट बिघडवणारं द्रव्य वाढलेलं असू शकतं. शिजवल्याने ते जात नाही. छोटासा डाग असेल तर जाड काप काढून टाका, अर्धा बटाटा हिरवा असेल तर सगळाच टाका. कोंब आलेल्या जागा खोलवर कोरून काढा. आणि कांदे-बटाटे एकाच टोपलीत ठेवायची आपली सवय मोडलेली बरी.

कापणं, धुणं, भिजवणं

तिघांना संध्याकाळच्या खाण्याला अर्धा किलो बटाटे पुरतात.

सालं काढायची की ठेवायची हा आवडीचा प्रश्न. साल ठेवली तर थोडा तंतू पोटात जातो आणि चवही छान लागते, पण मग बटाटे घासून घासून धुवा, मातीचा कण राहता कामा नये. सळ्या एक सेंटिमीटर जाडीच्या कापा. बारीक कापल्या तर लवकर करपतात, जाड राहिल्या तर आत कच्च्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांची जाडी सारखी हवी. बटाट्याची एक बाजू पातळ उतरवून तो सपाट बाजूवर टेकवला की सुरी घसरत नाही आणि काप सरळ येतात. कडेचे निमुळते तुकडे चिप्समध्ये घालू नका, ते सगळ्यात आधी जळतात. काचऱ्यांना किंवा दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांना वापरा.

काप मोठ्या पातेल्यात घेऊन पाण्यात चोळून धुवा. पहिलं पाणी दुधासारखं पांढरं होईल, ते सुटलेलं स्टार्च. तीन-चार पाणी बदलून पाणी नितळ दिसलं की थंड पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा. वरचं सुटं स्टार्च गेलं नाही तर काप एकमेकांना चिकटतात आणि डाग पडल्यासारखे रंगतात. भिजवल्याने थोडी साखरही पाण्यात उतरते, आणि त्याचा आरोग्याशी थेट संबंध आहे, तो पुढे सांगते.

ऑफिसमधून येऊन लगेच करायचे असतील तर सकाळी कापून पाण्यात घालून डबा फ्रिजमध्ये ठेवला तरी चालतं. भिजलेल्या कापांत नव्याने साखर होण्याइतका तो वेळ नसतो. फक्त संध्याकाळी ते पाणी ओतून एकदा नव्या पाण्याने धुवा.

कोरडं करणं

याच पायरीवर सगळे घाई करतात, आणि सगळ्यात जास्त फरकही इथेच पडतो.

काप चाळणीत किंवा रोवळीत निथळून घ्या. मग ओट्यावर जाड सुती पंचा पसरा, त्यावर काप एकेरी थरात मांडा आणि दुसऱ्या पंच्याने दाबून पुसा. टेरिकॉटचा कपडा पाणी शोषत नाही. मग तसेच पंख्याखाली दहा मिनिटं राहू द्या. हात लावल्यावर काप थंड लागले तरी चालतील, ओले लागता कामा नयेत. जून ते सप्टेंबरात मुंबईची हवाच इतकी दमट असते की पंख्याखालीसुद्धा काप नीट सुकत नाहीत. तेव्हा पंचा बदलून दुसऱ्यांदा पुसा, किंवा एअर फ्रायरमध्येच बिनतेलाचे चार मिनिटं १२० अंशांवर फिरवून बाहेर काढा. वरची ओल तेवढ्यात उडते.

वेळ असेल त्या दिवशी एक आणखी चांगला मार्ग आहे. दीड लिटर पाणी उकळा, त्यात चहाचा चमचाभर मीठ आणि तेवढंच व्हिनेगर घाला, भिजवलेले काप चार-पाच मिनिटं उकळून लगेच चाळणीत ओता. व्हिनेगरच्या आंबटपणामुळे बटाट्याला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही आणि काप न मोडता शिजतात. गरम काप पंच्यावर पसरले की त्यांची स्वतःची वाफ निघून जाते आणि पृष्ठभाग किंचित खरबरीत होतो. हाच खरबरीत भाग पुढे खुसखुशीत होतो. पाहुणे येणार असतील तर मी याच पद्धतीने करा म्हणेन. रोजच्यासाठी नुसते भिजवून पुसलेले काप पुरेसे आहेत.

तेल किती

अर्धा किलो बटाट्याला एक मोठा चमचा तेल. बस. म्हणजे साधारण १४ ग्रॅम तेल, सुमारे १२० कॅलरी, आणि तीही तिघांत वाटलेली.

अजिबात तेल न घालण्याचा हट्ट धरू नका. तेलाचा पातळ थर गरम हवेतली उष्णता कापाच्या अंगभर सारखी पसरवतो आणि रंग एकसारखा आणतो. बिनतेलाचे चिप्स बाहेरून चामट, फिकट आणि खाताना कोरडे कोरडे लागतात. मग ते खाववेनात म्हणून त्यावर मेयोनीज ओतलं जातं आणि वाचवलेलं सगळं तेल दुप्पट होऊन परत येतं.

परातीत काप घ्या, तेल टाका आणि दोन्ही हातांनी हलक्याने चोळा. घरात जे असेल ते चालेल: शेंगदाणा, सूर्यफूल, राइस ब्रान. शेंगदाण्याच्या तेलाची चव मला बटाट्याला सगळ्यात शोभते असं वाटतं. फवारायचं असेल तर साध्या पंपाच्या बाटलीत आपलं तेल भरा. दाबाच्या डब्यातल्या तयार स्प्रेमध्ये लेसिथिनसारखे पदार्थ असतात, त्यांचा चिकट थर जाळीच्या नॉनस्टिक लेपावर बसतो आणि निघत नाही.

आणखी कुरकुरीत हवे असतील तर तेलानंतर एक मोठा चमचा तांदळाचं पीठ भुरभुरा. पावसाळ्यात याचा चांगला उपयोग होतो. मीठ मात्र आता घालायचं नाही. मीठ लागलं की बटाटा पाणी सोडायला लागतो, आणि आपण एवढा वेळ तेच घालवत होतो.

यंत्र लावण्याआधी भिंतीकडे बघा

बहुतेक एअर फ्रायर १४०० ते १५०० वॉटचे असतात. म्हणजे साडेसहा अँपिअरपर्यंत वीज ओढतात. मोबाइल चार्जरच्या लहान सॉकेटचं हे काम नाही, १५-१६ अँपिअरचा मोठा पॉवर पॉइंट हवा. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत किंवा पूर्वीच्या वसाहतींच्या घरांत स्वयंपाकघरात असा एकच पॉइंट असतो आणि त्यावर फ्रिज लावलेला असतो. तिथे स्वस्तातला एक्स्टेन्शन बोर्ड लावून दोन्ही चालवू नका. वायर तापते, प्लग वितळतो. इलेक्ट्रिशियनला बोलावून वेगळा पॉइंट काढून घ्या, आणि तोवर मिक्सर, इंडक्शन आणि हे यंत्र एकाच वेळी चालवू नका.

गरम हवा मागच्या बाजूने बाहेर पडते. भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, वर सनमायकाचं कपाट अगदी टेकलेलं नको, आणि गॅसच्या शेगडीवर यंत्र ठेवून चालवण्याचा विचारही नको. विजेचं म्हणाल तर पंचवीस मिनिटांच्या घाण्याला फार तर अर्ध्या युनिटच्या थोडं वर जातं. कॉइल मध्येमध्ये बंद होत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच.

आता तापमान आणि मिनिटं

यंत्र १८० अंशांवर तीन मिनिटं रिकामं तापवून घ्या. चार लिटरच्या यंत्रात अर्धा किलो काप एकदम कोंबू नका, दोन घाणे करा. जाळीचा तळ झाकला जाईल आणि वर थोडे आडवेतिडवे पडतील एवढेच. जाळीखाली फॉइल अंथरून भोकं बंद करू नका. बेकिंग पेपर घालून यंत्र रिकामं तर कधीच तापवू नका, तो उडून कॉइलला चिकटतो आणि पेटू शकतो.

नुसते भिजवलेले काप असतील तर दोन टप्पे करा. आधी १६० अंशांवर १२ मिनिटं. यात बटाटा आतून शिजतो, रंग जवळपास येत नाही. सहाव्या मिनिटाला जाळी बाहेर ओढून चांगली झटका. मग २०० अंशांवर ७ ते ९ मिनिटं, यात दर तीन मिनिटांनी हलवा. उकळून घेतलेले काप आधीच शिजलेले असतात, त्यांना सरळ २०० अंशांवर १४ ते १६ मिनिटं पुरतात, पण पहिली पाच मिनिटं हात लावू नका, नाहीतर मोडतात.

हे आकडे सुरुवात म्हणून धरा. प्रत्येक यंत्राची कॉइल वेगळी, काहींत ती जाळीच्या फार जवळ असते. पहिल्या वेळी शेवटची चार मिनिटं जवळ उभे राहा आणि उघडून बघत राहा. उघडल्याने काही बिघडत नाही. उघडल्यावर वाफाळलेला, ओलसर वास येत असेल तर अजून पाणी आहे. भाजल्यासारखा खमंग वास आला आणि झटकल्यावर काप जाळीवर खडखड वाजले की झाले.

पहिला घाणा ताटलीत एकावर एक रचून ठेवू नका, खालचे वाफेने मऊ पडतात. चाळणीत मोकळे ठेवा, दुसरा घाणा झाला की पहिला त्यात दोन मिनिटं फिरवून सगळे एकदम वाढा.

रंग कुठे थांबवायचा

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवून दिलं की स्टार्च असलेले पदार्थ जास्त तापमानाला तळले किंवा भाजले की त्यात ॲक्रिलामाइड तयार होतं. बटाट्यातलं ॲस्पॅरॅजिन हे अमिनो आम्ल आणि साखर साधारण १२० अंशांच्या वर एकत्र आली की ही क्रिया होते. रंग आणि खमंगपणा देणाऱ्या क्रियेचाच तो भाग आहे. ॲक्रिलामाइड माणसांत कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणाऱ्या संभाव्य पदार्थांत मोडतं. एअर फ्रायरमध्येही ते तयार होतं, हे जाहिरातीत सांगत नाहीत.

यावर घाबरून जाण्यासारखं काही नाही, पण हातात असलेलं करावं. साखर कमी असलेला बटाटा, अर्धा तास भिजवणं, आणि सोनेरी पिवळ्या रंगावर थांबणं. तपकिरी होईपर्यंत वाट बघू नका. एखादा काप काळा झालाच तर तो मुलांच्या ताटलीत टाकू नका, काढून टाका. ‘कडक भाजलेलेच आवडतात’ म्हणणारे प्रत्येक घरात असतात, त्यांना मी हे आवर्जून सांगते.

‘हेल्दी’ म्हणजे नेमकं किती

तळलेल्या १०० ग्रॅम फ्राइजमध्ये साधारण १५ ग्रॅम तेल असतं. अर्धा किलो कच्च्या बटाट्यांचे, पाणी उडून गेल्यावर, पाव किलोच्या थोडे वर चिप्स होतात. म्हणजे कढईतून काढले तर ४० ग्रॅमच्या आसपास तेल पोटात, एअर फ्रायरमध्ये १४. हा फरक खरा आहे. त्याहूनही मोठा फायदा मला वाटतो तो कढईत उरणाऱ्या तेलाचा. ते आपण टाकत नाही. फोडणीला वापरतो, परत पुऱ्या तळतो, परत गाळून ठेवतो. वारंवार तापवलेल्या तेलात घातक घटक वाढत जातात. म्हणूनच एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून खाद्यव्यवसायांसाठी तळणाच्या तेलातल्या अशा घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा घातली. घरच्या कढईत ती कोण मोजणार? एअर फ्रायरमध्ये ते तेल उरतच नाही.

पण बटाटा बटाटाच राहतो. १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात साधारण १७ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि पचून त्यांची साखर रक्तात लवकर उतरते. घरात मधुमेह असलेलं कुणी असेल तर ‘तेल नाही, खा हो बाबा’ म्हणून वाटी भरू नका. मूठभर चिप्स, सोबत मटकीची उसळ किंवा घट्ट दही, आणि त्या जेवणातला भात किंवा पोळी तेवढी कमी. असं बसवलं तर बाबांनाही चार चिप्स सगळ्यांबरोबर खाता येतात, आणि ते मला महत्त्वाचं वाटतं.

मिठाचंही असंच. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळ्या जेवणाखाण्यातलं मिळून. अर्धा किलोच्या चिप्सना पाव चमचा बारीक मीठ गरम असतानाच भुरभुरलं तर पुरतं. चाट मसाला घालणार असाल तर त्यात मीठ असतंच, मग वेगळं नको.

वरून काय घालायचं

इथे प्रत्येकाने आपल्या जिभेचं ऐकावं. माझी पसंती वडापावच्या कोरड्या लाल चटणीला आहे. सुकं खोबरं, लसूण आणि लाल तिखट खलबत्त्यात कुटून चिप्स यंत्रातून काढल्याबरोबर भुरभुरायचं. लसूण आणि तिखट आधीपासून यंत्रात घालू नका, दोन्ही करपून कडू होतात. मुलांसाठी जिरेपूड आणि थोडा आमचूर. बुडवून खायला घट्ट दही फडक्यात अर्धा तास टांगून त्यात किसलेला लसूण, मिरपूड, कोथिंबीर. मेयोनीजची आठवण येत नाही.

उपासाला शेंगदाणा तेल, सैंधव, जिरेपूड, आणि घरात चालत असेल तर लाल तिखट किंवा हिरव्या मिरचीचं वाटण. तांदळाच्या पिठाऐवजी आरारूट. आषाढी किंवा महाशिवरात्रीच्या सुमारास रताळी चांगली मिळतात, त्यांचेही चिप्स होतात, पण रताळ्यात साखर बरीच. त्यामुळे १७५-१८० अंशांच्या वर जाऊ नका, आणि बटाट्यासारखे कुरकुरीत होतील अशी अपेक्षा ठेवू नका. कडा खरपूस, आत मऊ, असेच ते छान लागतात. सुरण वापरणार असाल तर काप आधी चिंचेच्या किंवा कोकमाच्या पाण्यात उकळून घ्या, खाज जाते.

फ्रोझन पाकीट आणलं असेल तर वरचं काहीच लागत नाही. ते काप कारखान्यात एकदा तळलेले असतात, वेगळं तेल घालू नका, वितळू देऊ नका. पाकिटातून सरळ जाळीत, २०० अंश, १५ मिनिटांच्या आसपास, दोनदा हलवून. पाकिटामागे तेल आणि मिठाचे आकडे छापलेले असतात, ते एकदा वाचा.

उरलेले चिप्स दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. एअर फ्रायरमध्येच १८० अंशांवर तीन-चार मिनिटं. सादळलेलेही बऱ्यापैकी सावरतात.

धुणं त्याच रात्री

जाळी कोमट झाली की साध्या साबणाने आणि मऊ स्पंजने धुवा. तारेची घासणी लावली की लेप निघतो. चिकटून बसलेलं असेल तर जाळीत गरम पाणी आणि दोन थेंब साबण घालून पंधरा मिनिटं ठेवा, मग सहज सुटतं. प्लग काढून, यंत्र पूर्ण गार झाल्यावर, पिळलेल्या ओल्या फडक्याने कॉइलच्या खालची बाजूही पुसा. तिथे उडालेलं तेल राहिलं की पुढच्या वेळी धूर आणि जळका वास येतो, आणि चिप्सनाही तोच वास लागतो. तळाच्या भांड्यात राहिलेला चुरा रात्रभर तसाच ठेवला तर सकाळपर्यंत मुंग्या आणि झुरळं हजर होतात. धुतलेली जाळी पुसून, उघडी ठेवून वाळवा आणि मगच आत सरकवा.